पहिलीच्या बाईंचं मत

"माझं विचाराल तर शाळा उघडावी," पहिलीच्या बाई म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या सगळ्या चौकटींतल्या माना एकदम वर झाल्या.

शाळा उघडायची की नाही यावर तासभर ऑनलाइन चर्चेचं गुऱ्हाळ चाललं होतं. पालकांच्या वतीने दातांचे डॉक्टर आले होते. कोरोनाचे रुग्ण कमी झालेत हे त्यांना मान्य होतं, पण वाढायला वेळ लागत नाही असं ते दर पाच मिनिटांनी बजावत होते. पीटीच्या सरांना शाळा उद्याच हवी होती, कारण घरात बसून त्यांचंच पोट सुटलं होतं. मुख्याध्यापिका जो बोलेल त्याच्याकडे बघून मान डोलवत होत्या. बाई मात्र बंदच्या बाजूने बोलणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, साखर वाढलेली, त्यात जुना दमा.

"माझ्या वर्गातल्या पोरांनी शाळेत अजून पाऊलच टाकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "शाळा म्हणजे आईचा फोन, असं त्यांना वाटतं. एक पोरगी वडिलांच्या दुकानात काउंटरखाली बसून शिकते. चौघांच्या चौकटी तर काळ्याच असतात. मी नाव घेते, आतून 'हजर' येतं. कोण किती उंच आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही."

हे सगळं खरं होतं. बाईंना आणखीही एक कारण होतं, ते त्या चारचौघांत सांगणार नव्हत्या. दुपारी वर्ग संपला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मुलगा दूर देशी होता, त्याचा फोन रविवारी यायचा. परवा वर्ग संपल्यावर एक पोरगा फोन तसाच चालू ठेवून उठून गेला. पलीकडे त्याची आई कुणावर तरी ओरडत होती, कुणीतरी ताट आपटत होतं, आजोबा चष्मा शोधत होते. बाईंनी तो वर्ग बंद करायला हवा होता. त्या ऐकत बसल्या. चष्मा सापडला तेव्हा त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर बाईंना माणसं हवी होती.

"मुलांचं एक वेळ निभावेल," डॉक्टर म्हणाले. "शिक्षकांचं काय? गणिताच्या सरांचं बायपास झालंय. उद्या त्यांना काही झालं तर जबाबदार कोण?"

 गणिताचे सर चौकटीत खाली बघत बसले.  शाळा उघडण्याची जिंकत आलेली बाजू बघता बघता ढिली पडली.

"मग असं करू या," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुढच्या सत्रात बघू."

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच सुचलं होतं, पण गणिताच्या सरांच्या तोंडावर ते बोलायचं कसं, म्हणून जो तो दुसऱ्याची वाट बघत होता. बाईंनाही ते सुचलं होतं. त्या उत्तराला त्यांच्यापुरतं मात्र आणखी एक शेपूट होतं. त्यांनी ग्लासातलं पाणी संपवलं, मग रिकामा ग्लास थोडा वेळ हातातच धरला.

"वय झालेल्यांनी, दुखणी असलेल्यांनी घरून शिकवावं," त्या म्हणाल्या. "वर्गात कुणीतरी तरुण बसेल. मुलं पडद्यावर बघतील. एकदोघांपायी एवढ्या पोरांना किती दिवस कोंडून ठेवायचं?"

त्यानंतर फार वेळ लागला नाही. हात वर झाले. डॉक्टरांनीही, थोडं उशिरा का होईना, केला. गणिताच्या सरांनी बाईंना नमस्कार केला आणि ते सगळ्यांत आधी निघून गेले.

"बाई, तुम्ही थांबा जरा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाकीच्या चौकटी मिटल्यावर त्या पुढे बोलल्या. "नियम केला की तो सगळ्यांना लागतो. तुमच्या दुखण्यांचे कागद माझ्याकडे आहेत."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही कशाला बोललात?"

"कुणीच बोलत नव्हतं."

मुख्याध्यापिकांनी या वेळी मान डोलवली नाही. जपा म्हणाल्या आणि त्याही गेल्या.

शाळा उघडली त्या दिवशी बाईंनी इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट बांधले, पायांत चपलासुद्धा घातल्या आणि आपल्याच जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. वर्गातला संगणक चित्रकलेच्या तरुण बाईंनी लावून दिला होता. पडद्यावर नुसता कल्ला होता. पोरं एकमेकांच्या पाठीवर बोट लावून बघत होती, हे खरंच आहे का म्हणून. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नावं घेतली. पोरांचा त्यांना राग आला नाही. एकटं मात्र वाटलं, आणि ते इतक्या दिवसांत वाटलं नव्हतं इतकं वाटलं.

एक चिमुरडी बाक सोडून पुढे आली. तिने आधी संगणकाच्या मागे डोकावून पाहिलं. मग ती पडद्याला इतकी भिडून उभी राहिली की तिच्यामागचा वर्ग दिसेनासा झाला.

"बाई, आमची शाळा उघडली," ती म्हणाली. "तुमची कधी उघडणार?"

बाईही आपल्या पडद्याजवळ सरकल्या.

"आधी तो मास्क नाकावर घे बघू," त्या म्हणाल्या.