मालकाला कळू द्यायचं नाही

"आम्ही लाकूड कापतो," मर्व म्हणाला.

"आम्ही नाही. मी. मी लाकूड कापतो," टीगननं दुरुस्ती केली. "नोकरी तुम्हाला हवीय ना? मग स्वतःबद्दल बोला. थोडी फुशारकी मारायची."

मर्व हॅड्रेलला घाम फुटला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं स्वतःची तारीफ कधी केली नव्हती. या गावात जो करतो, त्याची पबमध्ये महिनाभर टिंगल होते. "मी... म्हणजे, बरं कापतो," तो कसाबसा म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

टीगन दर पंधरवड्याला शहरातून यायची आणि गावच्या हॉलमागच्या खोलीत बसून नोकरी शोधणाऱ्यांना सल्ले द्यायची. मर्वच्या लेकीच्या वयाची, पण बोलायला खमकी. "आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "नव्या जागेचा कागद हातात पडेपर्यंत मालकाला सुगावा लागू द्यायचा नाही."

"ते तू मला सांगतेस होय, पोरी?"

हे मर्वला शिकवायला नकोच होतं. गेल्या महिन्यात त्याच्याबरोबर लाकूड कापणाऱ्या लिंडसेनं दुसऱ्या मिलमध्ये अर्ज टाकला. ते मालकाच्या, कीथ टलकच्या, कानावर गेलं, आणि दुपारच्या चहाआधी लिंडसे डबा घेऊन फाटकाबाहेर. "एक पाय बाहेर असलेला माणूस मला नको," कीथ सगळ्यांसमोर म्हणाला होता. तेव्हापासून सॉ मिलमध्ये दुसऱ्या नोकरीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. लाकडाचे ट्रक निम्म्यावर आलेले सगळ्यांना दिसत होते, पण बोलणार कोण? आहे ती नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर या वयात मर्वला दारात तरी कोण उभं करणार होतं?

म्हणून त्यानं केवढी खबरदारी घेतली होती! कुणाची गाडी कुठं उभी आहे, यावरून कोण कुठं बसलाय हे इथं अख्खं गाव ओळखतं. मर्वनं सकाळची पाळी उरकली, पिकअप लांब धान्याच्या कोठारामागे लावली आणि टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या गल्लीनं चालत आला.

बाहेर पायरीवर धप धप आवाज झाला. मर्वनं कान टवकारले. कुत्र्याची शेपटी. त्याच्याच कुत्रीची.

झालं! ती रोज पिकअपच्या मागे बसते. हे इतकं सवयीचं, की ती आहे हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. गाडी लपवून आला आणि कुत्रीला मागोमाग घेऊन आला, गाढव कुठला! आता ती हॉलच्या दारात पसरली होती, आणि टफी कुणाची हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"काय गं टफी," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "तू इथं काय करतेस?"

कीथचा आवाज.

"मागचं दार कुठाय?" तो कुजबुजला.

"नाहीये. का? काय झालं?"

"मालक आलाय."

टीगनचाही चेहरा उतरला. मर्वनं खिडकी ढकलून पाहिली. रंग लावताना ती कायमची चिकटून बसली होती. त्यानं खांद्यानं जोर लावला. या वयात खिडकीतून उडी मारायला निघाला होता बिचारा! खिडकी तसूभर हलली नाही. घरी जाऊन बायकोला, नोलीनला, काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्याच्या डोक्यात सुरू झाली.

दार उघडलं. कीथ दारात उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून विंचरलेले केस, टोपी काढून हातात धरलेली. एवढा नीटनेटका तो बापाच्या अंत्यविधीलाच दिसला होता.

"कीथ, ऐक, मी तुला सांगतो..."

"तुझं झालं का?" कीथ हळूच म्हणाला. "यानंतरची वेळ माझी आहे."

मर्वला हसूच आलं. सुटलो बुवा! मग मालक काय बोलला ते त्याच्या डोक्यात शिरलं. तो खुर्चीवर बसला. मालकच नोकरी शोधतोय.

कीथनं दार आतून लावून घेतलं. "बरं झालं भेटलास. ही बाई म्हणते, दोन जणांची नावं द्यावी लागतात. नवे लोक त्यांना फोन करून विचारतात, माणूस कसा आहे म्हणून. मी जन्मात बापाशिवाय कुणाच्या हाताखाली राबलो नाही, आणि बाप तर गेला. तुझं नाव देऊ?"

"मिलचं काय?"

कीथ हातातली टोपी फिरवत राहिला. "पोरांपुढं तोंड उघडू नकोस, मर्व. कळलं तर उद्या एकजणही फिरकणार नाही. शेवटचा माल तरी बाहेर पडू दे."

"शेवटचा?"

कीथनं टोपी टेबलावर ठेवली. टीगननं समोरचे कागद उगाच सारखे केले.

"मला फोन आला..." मर्व म्हणाला. "तर काय सांगू त्यांना तुझ्याबद्दल?"

कीथनं थोडा विचार केला. "सांग, माणसांची काळजी घेतो म्हणावं."

तेवढ्यात टेकडीवर मिलचा भोंगा झाला. दुपारच्या पाळीची माणसं डबे घेऊन, एकमेकांची टिंगल करत आत चालली असणार. भोंगा थांबेपर्यंत दोघंही खाली बघत राहिले.