अस्ताची भिंत

"नापास," दत्तोपंत म्हणाले. "हे खिंडार तोफेने पाडलेले नाही, गवंड्याने पाडले आहे."

निवृत्तीने थापी खाली ठेवली. कतारमध्ये दोह्यातल्या नव्या प्रदर्शनासाठी पोर्तुगीज किल्ल्याचा हा तट त्यानेच उभारला होता. आता साम्राज्याचा अस्त दाखवायचा, म्हणून तो त्यानेच पाडायचाही होता. दत्तोपंत इतिहासाचे सल्लागार. त्यांच्या होकाराशिवाय काम संपणार नव्हते आणि काम संपल्याशिवाय रजा मिळणार नव्हती. गावी रेवदंड्याला वीस तारखेला त्याच्या एकुलत्या एका लेकीचे, दुर्गाचे लग्न होते.

दत्तोपंतांनी खुर्ची ओढली आणि पुन्हा लिस्बनपासून सुरुवात केली. जहाजे, तोफा, आपल्या परवान्याशिवाय कुणाला समुद्रात उतरू न देण्याची मगरुरी. मग इराणच्या आखातातले होर्मुझ गेले, वसई गेली. साम्राज्य बाहेरच्या माऱ्याने कोसळते, असा त्यांचा सिद्धान्त. भेगाही त्यांना त्याच्याच बरहुकूम हव्या होत्या.

"तोफेनं नाय, पंत," निवृत्ती म्हणाला. "आमची वाडी त्यांच्याच किल्ल्यात हाय. तट आमच्या लोकांनी धोंडा धोंडा करून घरी नेला. माझ्या घराचं जोतं बगा येऊन."

"म्हणजे चोर तर चोर, वर इतिहासकार."

"त्या फिरंग्यांना तिथं बोलावलं कुणी होतं? आन् तुमाला तरी इथं कुणी बोलावलं?"

दत्तोपंत खुर्चीत पुढे सरसावले. "घरी नात मला इंग्रजीतून गप्प करते. तू मराठीतून करून पाहा."

बारा दिवस हेच चालले. म्हातारा रोज दहाच्या ठोक्याला हजर आणि रोज नवी खोड. काल भेग फार सरळ होती, आज फार वाकडी. निवृत्तीही इरेला पेटला. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या उद्याची उत्तरे जुळवू लागला. पण तेराव्या दिवशी दत्तोपंतांनी सबंध बुरूजच नव्याने पाडायला सांगितला, तेव्हा त्याचा संयम सुटला.

घमेले आदळून तो थेट कार्यालयात गेला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने प्रदर्शनाचे काम पाहणाऱ्या अनीसा मॅडमपुढे गाऱ्हाणे मांडले: लेकीचे लग्न तोंडावर आले आहे, म्हाताऱ्याला आवरा, नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घ्या.

अनीसाने फाइल उघडली. मग, रजेचा अर्ज अजून का दिला नाहीस, असे तिने त्यालाच उलट विचारले. खिंडारासकट तट दत्तोपंतांनी पहिल्याच दिवशी मंजूर केला होता, आणि त्यांचे इथले कामही त्याच दिवशी संपले होते.