डोक्यांचं सार

उष्टी ताटं विसळायला घेताना शेवंता थबकली. खानावळीचे मालक मयेकर गिऱ्हाइकांनी चोखून टाकलेली कोळंबीची डोकी वेचून साराच्या टोपात टाकत होते. याच सारासाठी लोक लांबून यायचे.

"कुठे बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस," मयेकरांनी दम भरला.

तेवढ्यात माहेरपणाला आलेली त्यांची मुलगी बाहेरच्या टेबलावरून म्हणाली, "बाबा, मला वाटीभर सार द्या!"

"आज संपलं गो, बाय."

शेवंताने पदराला हात पुसले, वाटी भरली आणि मुलीपुढे नेऊन ठेवली. "टोप भरलेला आहे, ताई."

मुलीने वाटी उचलताच मयेकरांनी धावत येऊन ती हिसकावली आणि मोरीत ओतली.

शेजारच्या गिऱ्हाइकाने हातातली वाटी खाली ठेवली. "मयेकर, आमच्या वाटीत काय आहे?"