कोल्बीची जागा

"उजव्या बाजूनं मारा, मिस्टर गँट. उजव्या." रीस मागून सांगत राहिला आणि मिस्टर गँटनी नेमकं डावीकडे वल्हं घातलं. होडी आडवी झाली, बुडालेल्या झाडाला घासली आणि दोघांना पाण्यात टाकून मोकळी झाली.

पाणी कमरेएवढंच होतं, पण मार्चमधली बफेलो नदी म्हणजे अंगात सुया टोचल्यासारखी. रीसनं एका हातानं होडी धरली, दुसऱ्यानं मिस्टर गँटच्या जॅकेटचा पट्टा, आणि ओढत ओढत सगळं लटांबर दगडगोट्यांच्या काठावर आणलं.

मिस्टर गँट खोकले, नाक शिंकरलं आणि हसायला लागले. "कोल्बी म्हणायचा, पुढं बसणाऱ्याला काही डोकं लागत नाही."

"तो स्वतः पुढं बसायचा ना. दोनदा बुडवलंय त्यानं आम्हाला."

"घरी तर सांगायचा, रीस बुडवतो."

"खोटारडा आहे तो," रीस म्हणाला आणि होडी अजून वर ओढू लागला.

वसंताच्या सुट्टीत कॉलेजातली बाकीची पोरं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बिअर ढोसायला जात. रीस आणि कोल्बी दर वर्षी इथं आर्कन्सात, या नदीवर येत. शेवटच्या वर्षाची होडी त्यांनी पानगळीतच सांगून ठेवली होती. जानेवारीत बर्फावरून कोल्बीची गाडी घसरली आणि पुलाचा कठडा तोडून खाली गेली. रीस होडी रद्द करणार, तेवढ्यात कोल्बीच्या वडिलांचा फोन आला. "नको रद्द करू. त्याच्या जागी मी येतो." जन्मभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस. वल्हं कधी हातात धरलं नव्हतं.

रीसनं वाहून आलेली लाकडं गोळा करून जाळ केला. मिस्टर गँटनी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, मोजे पिळून दगडावर पसरले. समोरच्या कड्याखाली रेडबडची झाडं गुलाबी फुलांनी भरली होती. थर्मासमधली कॉफी अजून गरम होती.

"कॉलेज तर संपत आलं," मिस्टर गँट म्हणाले. "पुढं काय तुझं?"

"बघतोय."

"तुम्ही दोघांनी एकाच ठिकाणी अर्ज केला होतात ना? तिकडं, डोंगरातल्या विद्यापीठात?"

"हो." मिस्टर गँटच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोघांनी अर्ज भरले होते. भूगर्भशास्त्र, तेच प्राध्यापक, आणि त्यांच्याकडं जागा एकच. ज्याला मिळेल त्याच्याकडं दुसऱ्यानं उन्हाळ्यात फुकट राहायचं, असं कोल्बीनं ठरवून टाकलं होतं.

"त्याला मिळाली होती," मिस्टर गँट म्हणाले. "फेब्रुवारीत कळलं आम्हाला. त्याच्या आईला काही जमेना, म्हणून विद्यापीठात मीच फोन केला. म्हटलं, कोल्बी गँट येणार नाही. का ते सांगायचं म्हणून सकाळपासून घोकत बसलो होतो बघ. ऑफिसातल्या बाईनं विचारलंच नाही. म्हणाली, लवकर कळवलंत ते बरं झालं, एक मुलगा वेटिंगवर आहे." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बोलायला चांगली होती."

रीसनं पेला गोट्यांवर ठेवला. दोन आठवडे तो हे सांगायचं ठरवत होता. गाडीत नाही जमलं. होडीत तर त्यांची नुसती पाठच समोर होती.

"तो मुलगा मी आहे," तो म्हणाला.

"कुठला मुलगा?"

"वेटिंगवरचा."

मिस्टर गँटनी एक बूट उचलला आणि पुन्हा उलटा केला. त्यातून काहीच पडलं नाही.

"हो म्हणालास?"

"अजून नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय..."

"मला काय विचारायचंय? माझी होती का जागा?"

ते उठले आणि अनवाणीच गोट्यांवरून पाण्यापर्यंत गेले. ओला सदरा त्यांच्या पाठीला चिकटला होता. रीसही उठला, पण जवळ जायचं धाडस त्याला झालं नाही.

"मी नाही म्हणतो त्यांना," तो मागूनच बोलला. "उद्याच फोन करतो."

मिस्टर गँट नदीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "तू नाही म्हणालास तर तिसरा कोणीतरी जाईल. त्या तिसऱ्याला मी ओळखत नाही."

रीसनं एक पाऊल पुढं टाकलं.

"तू जा, पोरा. मला आनंद होईल. होणारच." त्यांनी पायाच्या बोटानं एक गोटा पाण्यात ढकलला. "आज होत नाहीये. आज मला जरा इथं एकट्याला उभं राहू दे."

रीस होडीकडं वळला. गुडघे टेकून तो तळाशी राहिलेलं पाणी कॉफीच्या पेल्यानं उपसू लागला. थोडंसंच होतं. ते संपलं, तळ कोरडा झाला, तरी मिस्टर गँट वळले नाहीत, आणि पेला तळावर घासतच राहिला.