दोनच मिनिटं

साहेबांनी रविवारी गोल्फ खेळायला बोलावलं होतं. शिकवणी लावायला वेळ नव्हता, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ लावून मी बाबांच्या काठीनेच हॉलमध्ये सराव करत होतो. गुडघे जरा वाकलेले, डावा हात ताठ, नजर खाली.

आतून बाबांनी हाक मारली, "काठी देतोस का रे?"

"दोनच मिनिटं, बाबा!"

दोनाची वीस कधी झाली, कळलंच नाही. शेवटचा स्विंग मात्र अगदी झोकात बसला. खुशीत वळलो, तर बाबा भिंतीला धरून दारात उभे होते. पायजमा ओला झाला होता.

"हा छान जमला हं तुला," ते म्हणाले.

मी घाईघाईने काठी पुढे केली.

"असू दे रे. आता घाई नाही."