माफीची मिठाई

सॉफ्टवेअर आमचं, घोळही आमचाच. अपडेटनंतर जपानी ग्राहकाच्या गोदामातले आकडे गायब झाले, हे आमच्या सफाईवालीलाही ठाऊक होतं. तरी ड्युसेलडॉर्फच्या त्यांच्या शाखेतून त्यांचेच मोरितासान मिठाईचा खोका घेऊन आले. कमरेत वाकून म्हणाले, "आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला. क्षमा असावी." माझ्या जर्मन बॉसने, क्रूगरने, तांदळाच्या पिठाचा गुबगुबीत गोळा तोंडात कोंबला, बोटं चाटली आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरताच मला म्हणाला, "तर मग, चूक त्यांनी कबूल केली. बैठकीच्या मिनिट्समध्ये लिही." मी म्हटलं, "अरे, ही त्यांची बोलायची रीत आहे! चूक आपलीच." "लिही." मी लिहिलं, टोकियोला त्यांच्या मुख्य कचेरीत पाठवलं. महिन्याभरात मोरितासानांच्या जागी दुसरेच गृहस्थ आले. तेही कमरेत वाकले, त्यांनीही क्षमा मागितली, तसाच खोका पुढे केला. बरबटलेल्या ओठांनी क्रूगर माझ्याकडे बघून हसला.  मी मिनिट्स लिहायला लॅपटॉप उघडला.