आरपार दर्या

"कुणी बुजवलं हे?" बंदरावर पोचताच शिल्पकार सुलभा कडाडली. वादळातून न परतलेल्या खलाशांसाठी तिनं ब्राँझची कोळीण घडवली होती, छातीत आरपार पोकळी ठेवून. आज अनावरणाच्या सकाळी तिथं सिमेंट लिंपलेलं!

स्मारक समितीच्या अध्यक्षांनी फेटा सावरला. "मॅडम, भोक पडलेल्या मूर्तीला हार घालायचा? खंडित मूर्ती अपशकुनी. आत्ताच गवंडी आणून भरून घेतलं. आभार माना."

"अहो, ती पोकळीच तर शिल्प आहे! तुम्ही उरलेल्या धातूला हार घालताय!"

अध्यक्ष हसले आणि त्यांनी नारळ मागवला.

गर्दीतून एक म्हातारी कोळीण पुढं आली. पुतळा बसवल्यापासून ती रोज मासळी विकून आली की त्या पोकळीतून पाहत उभी राहायची. तिनं सिमेंटवरून हात फिरवला आणि ती अध्यक्षांवर उसळली, "इथनं दर्या दिसत व्हता, मेल्या! माझा दादला बारा वर्सं तिथंच हाय. त्याच्यावर माती लोटायला तुला कुनी सांगितलं?"

सुलभा पिशवीत छिन्नी शोधू लागली. तोवर म्हातारीनं ओल्या सिमेंटात दाही बोटं रुतवली होती.